फौजी पॅरानॉर्मल प्रेमकथा मालिकेचा शेवटचा भाग लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि महूच्या पार्श्वभूमीवर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणांत मालिका चार भागांची धरली आहे. महूत इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, सिग्नल्सवाल्यांचं, म्हणजे दळणवळण शाखेचं, कॉलेज एमसीटीई आहे. इंदुरातल्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात बसून वाचणाऱ्याचा एखादा काका, मेहुणा नाहीतर शेजारी फौजेत असतोच. हा वाचक भुताला सूट देतो, चुकीच्या हुद्द्याला देत नाही.

शेवटच्या भागात नेमकं काय काय मिटवायचं?

तीन खाती: प्रेमाचं, भुताचं आणि नोकरीचं. पहिली दोन सगळे मिटवतात, तिसरं विसरतात. नायक तीन रात्री जानापावच्या डोंगरावर समंधाशी झुंजतो, चौथ्या सकाळी मेसमध्ये चहा पीत बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. फौजेत असं होत नाही. विनारजा गैरहजेरी हा आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम ३९ खाली गुन्हा आहे. ती तीस दिवसांवर गेली की कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. म्हणजे शेवटच्या भागाला लागणारा ताण कायद्याने आयताच दिला आहे. नायकाकडे वीस दिवसांची रजा आहे आणि भुताची अट एकविसाव्या रात्रीची आहे, एवढं धरलं तरी अर्धं कथानक उभं राहतं. अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस कॅज्युअल रजा असते, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) आणि जवानांना ६० आणि ३०. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा.

सुरुवात कुठून करू?

लिहायला बसू नका, आधीचे भाग वाचा. हातात वही घ्या आणि पानाचे चार रकाने करा: काय सांगितलं, कोणत्या भागात आणि पानावर, कुणाला ठाऊक आहे, मिटलं का. जखमा, तारखा, बदल्या, आईबाबांची नावं, भुताने उच्चारलेला प्रत्येक शब्द, सगळं यात येतं. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. अखेरच्या भागातली बरीच भगदाडं तिथूनच पडतात: जी गोष्ट नायिकेला दुसऱ्या भागात कळली होती, तिचा चौथ्या भागात तिला नव्याने धक्का बसतो.

मग न मिटलेल्या ओळींवर तीन खुणा करा. काही मिटवायलाच हव्यात, काही एका वाक्यात उरकतील, काही मुद्दाम उघड्या ठेवायच्या. तिसऱ्या खुणेच्या ओळी दोन-तीनच असू द्या.

भुताचे नियम शेवटी बदलले तर चालतं का?

नाही. त्याच नियमातली कुणी न पाहिलेली बाजू दाखवता येते. मराठी वाचकाला भुतांच्या जाती तोंडपाठ असतात हे लक्षात ठेवा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, राहणार पिंपळावर. समंध हा बहुधा निपुत्रिक गेलेला किंवा वासना अडकलेला. वेताळ हा भुतांचा राजा, आणि माळव्यात तर तो विक्रमादित्याच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. पहिल्या भागात ज्याला मुंजा म्हटलं त्याने चौथ्या भागात बायको शोधत हिंडू नये. पण बोहल्यावर चढण्याआधीच गेलेला तो मुलगा कुणाच्या तरी लग्नाला हजर राहून सुटू शकतो. ते नियमात बसतं, आणि तुमच्या नायक-नायिकेचं लग्न शेवटी व्हायचंच आहे.

चकवा आणि नाइट मार्चचा प्रसंग खरा कसा वाटेल?

आधी भूत सोडून सगळ्या शक्यता संपवा. तुकडी रात्री गोल फिरून त्याच बाभळीपाशी आली, तर फौजी माणूस "चकवा!" म्हणून किंचाळत नाही. तो आधी कंपासवाल्याला विचारतो, रायफल कुठे होती? लोखंड जवळ असलं की सुई ढळते, म्हणून बेअरिंग (दिशेचा कोन) घेणारा शस्त्र बाजूला देऊन दोन-चार पावलं दूर उभा राहतो. मग पावलं मोजणाऱ्याची पाळी. तीस इंची पाऊल धरलं तर शंभर मीटरला सुमारे १३१ पावलं पडतात, चढावर आणि अंधारात जास्त, आणि कच्चा मोजणारा हे जास्तीचं धरत नाही. मग जमीन. माळव्याचं पठार बेसॉल्टचं आहे. त्या खडकात मॅग्नेटाइट असतं आणि काही ठिकाणी सुई त्यानेही हलते.

ही तिन्ही कारणं एकेक करून खोडली आणि चौथ्यांदा तीच बाभूळ आली, की सुभेदार साहेबांनी हळूच म्हणावं, "साब, सबको बैठा दो. उजाला होने दो." चकव्यावर लोकांनी सांगितलेला उतारा हाच आहे, बसून राहायचं. फौजी शहाणपण आणि आजीचं शहाणपण इथे एकाच वाक्यात येतं. आता कंपनी कमांडरने ते मान्य करायचं की नाही, कारण सहा वाजता तुकडी ठरल्या जागी पोचायची आहे, यावर पुढची दहा पानं निघतात.

रेडिओ सेटवर मेलेल्या माणसाचा आवाज येतो, हे कसं लिहू?

पहिलं, "ओव्हर अँड आउट" लिहू नका. ओव्हर म्हणजे माझं झालं, तू बोल. आउट म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकत्र येत नाहीत. दुसरं, खरखर. सेटवर स्क्वेल्च (नुसती खरखर दाबून टाकणारी सोय) लावलेला असेल तर सिग्नल येईपर्यंत सेट गप्प असतो. म्हणजे "खरखरीतून हळूहळू आवाज उमटला" हे चुकतं. शांत सेट एकदम उघडतो, खट्ट, आणि पलीकडे फक्त श्वास. हे जास्त भीतिदायक आहे आणि बरोबरही.

नायिका सिग्नल्सची असेल तर तिची परीक्षा इथेच लागते. ती आधी कॉल साइन विचारेल, मग परवलीचा शब्द. पलीकडचा ऑपरेटर उत्तर देतो, पण त्याचा शब्द आजच्या यादीत नाही. जुन्या नोंदी चाळल्यावर कळतं, तो १९९९ च्या जूनमधल्या, कारगिल युद्धातल्या एका रात्रीचा आहे. सेट एन्क्रिप्शनवर असेल तर बाहेरचा आवाज नीट ऐकूच यायला नको, याचा खुलासा तुमच्या नियमांत आधीच असायला हवा.

नायिका इन्फंट्रीची मेजर दाखवू का?

आजच्या काळातली कथा असेल तर नको. इन्फंट्री आणि आर्मर्ड कोअरमध्ये महिला अधिकारी नाहीत. सिग्नल्स, इंजिनिअर्स, ऑर्डनन्स, एएससी (रसद शाखा), आर्मी एव्हिएशन, इंटेलिजन्स, २०२३ पासून आर्टिलरी, आणि अर्थात वैद्यकीय शाखा, इतके दरवाजे उघडे आहेत. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पर्मनंट कमिशनचा (निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा) प्रश्नही बराच पुढे सरकला. तुमची मालिका त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर नायिकेच्या नोकरीचा पेच त्याप्रमाणे बदलतो: पहिल्या भागात चौदा वर्षांनी बाहेर पडायची भीती, शेवटच्या भागात कर्नल व्हायची आशा. सिग्नल्सची कॅप्टन कोर्ससाठी महूला आली आणि इन्फंट्री स्कूलचा इन्स्ट्रक्टर तिला तिथे भेटला, ही जुळणी अगदी नैसर्गिक आहे.

कोण कुणाला काय म्हणतं?

यात चुका फार होतात. अधिकारी नायब सुभेदाराला, सुभेदाराला "साहब" म्हणतो, नावाने हाक मारत नाही. जेसीओसुद्धा अधिकाऱ्याला "साब" म्हणतात. महिला अधिकारी "मॅडम", कनिष्ठ अधिकारी तिला "मॅम" म्हणतात. हुकूम हिंदीतच ठेवा, मराठी करू नका. "सावधान"ला हरकत नाही, कारण ते दोन्हीकडे तेच आहे. घरी आल्यावर मात्र नायकाने इंदुरी मराठी बोलावी, आईशीसुद्धा, हिंदी शेजारी घरात येऊन बसल्यासारखी. पुण्याचं प्रमाण मराठी बोलणारा राजेंद्र नगरचा मेजर वाचकाला भुतापेक्षा अविश्वसनीय वाटतो.

भूत कोणत्या काळातलं असावं?

महूच्या छावणीत १८१७ चा होळकरांचा शिपाई फिरत असेल तर त्याला "महू छावणी" हे शब्द माहीत नसणार. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची, मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ चा, इंग्रजांची छावणी त्यानंतरची. त्याच्यासाठी ती जागा रान आहे आणि हे बंगले उपटसुंभ. त्याची बंदूक चकमकीच्या दगडाची, पावसात न पेटणारी. १८५७ चा हवा असेल तर १ जुलै ही तारीख धरा. त्या दिवशी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि महूतही उठाव झाला.

टंट्या भिल्लाला मात्र भूत करू नका. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्यांना फाशी झाली. महूजवळच्या पातालपानीला त्यांचं ठाणं आहे आणि लोक तिथे हात जोडतात. ते श्रद्धास्थान आहे, कथानकाचं सामान नाही.

पातालपानी, कालाकुंड, सराफा ही ठिकाणं वापरताना काय सांभाळायचं?

पातालपानी ते कालाकुंड ही मीटरगेज गाडी २०१८ पासून हेरिटेज म्हणून, पर्यटकांसाठी धावते. आजच्या काळातला नायक तिने खांडव्याला जाऊ शकत नाही. धबधबा पावसाळ्यात गर्जतो, एप्रिल-मेमध्ये नुसता कडा उरतो, तेव्हा उन्हाळ्यातल्या प्रसंगात "तुषार" नकोत. इंदूर-महू अंतर जेमतेम २३-२५ किलोमीटर, त्यामुळे "रात्रभर गाडी हाकून" पोचणं हास्यास्पद दिसतं. आणि इंदुरात मध्यरात्री निर्मनुष्य गल्ली हवी असेल तर सराफ्यापासून लांब जा. तिथे त्या वेळी भुट्ट्याच्या किसाला रांग असते, भुतालाही नंबर लावावा लागेल.

तिथी आणि चांदणं यांचा मेळ कसा घालायचा?

आधी पंचांग, मग प्रसंग. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास वर येतो. म्हणजे त्या रात्री नऊ वाजता चांदण्यात चुंबन होणार नाही.

इंदुरात दुसरा घोळ महिन्यांचा. आपण मराठी माणसं अमान्त महिना मानतो, शेजारची हिंदी मंडळी पौर्णिमान्त. त्यामुळे पितृपक्ष आपला भाद्रपद वद्य आणि त्यांचा आश्विन कृष्ण. दिवस तोच, नाव वेगळं. आईने एक महिना सांगितला आणि मंदिरातल्या पंडितजींनी दुसरा, तर वाचक ती छापखान्याची चूक समजेल. एकदा एखाद्या पात्राच्या तोंडून हा फरक सांगून टाका, पुढे तो वापरताही येतो: भुताने सांगितलेली "आश्विनातली चतुर्दशी" नायक भलत्याच पंधरवड्यात शोधत बसतो.

चतुर्दशीवरून आठवलं. पितृपक्षातली चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी, शस्त्राने गेलेल्यांच्या श्राद्धाची. लढाईत पडलेल्या सैनिकाच्या भुतासाठी याहून नेमका दिवस पंचांगात नाही. अमावास्या सगळेच वापरतात, ही सोडू नका.

बेपत्ता होऊन मृत ठरलेला नायक परत येतो. कायद्याचं काय?

सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ आहे. लढाईत बेपत्ता झालेल्यांसाठी फौजेची कार्यपद्धती वेगळी असते, पण नायिकेच्या दुसऱ्या लग्नाचा प्रश्न आला की हिंदू विवाह कायद्याचं कलम १३(१)(७) लागतं: सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं कारण आहे, लग्न आपोआप मोडत नाही. नायक सहा वर्षांनी परत आला आणि तोवर नायिकेचं लग्न झालेलं असेल, तर तुम्ही तिला अडचणीत टाकलंय. वर्षं वाढवून तिला आधी घटस्फोट मिळालेला दाखवा किंवा लग्न फक्त ठरलेलं ठेवा.

परतल्यावर लगेच वर्दीत दाखवू नका. ओळख पटवणं, चौकशी, वैद्यकीय तपासणी, अडकलेला पगार, आईने घेतलेली पेन्शन. यातला एखादाच तपशील घ्या, पण घ्या. बँकेतल्या खिडकीवर "हयातीचा दाखला आणा" म्हणणारा कारकून आणि पलीकडे खरंच अर्धा मेलेला नायक, हा प्रसंग फुकट घालवू नये.

लष्करी अंत्यसंस्काराचा प्रसंग?

तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे. झेंडा चितेत जात नाही, कबरीतही नाही. घडी करून घरच्यांच्या हाती देतात. "शोक शस्त्र"चा हुकूम, बिगुलावर लास्ट पोस्ट. नायिका लग्नाची बायको नसेल तर झेंडा तिला मिळत नाही, त्याच्या आईला मिळतो. चारही भाग ज्यांनी हे प्रेम लपवलं त्यांच्याकडून त्याची किंमत इथे वसूल होते, आणि आईने तो झेंडा मागे वळून हिच्या हातावर ठेवला तर संवाद लिहू नका.

नायकाला परमवीर चक्र दिलं तर?

आजवर एकवीस जणांना मिळालंय, त्यातले चौदा मरणोत्तर. बावीसावा तुमच्या कादंबरीत नको. पदकाचं डिझाइन सावित्री खानोलकरांचं, तो उल्लेख मराठी घरात सहज येऊ शकतो. शत्रूसमोर नसलेल्या शौर्याला अशोक, कीर्ती, शौर्य चक्र असतात. खरी गंमत प्रशस्तिपत्रात आहे: त्यात भूत लिहिता येत नाही. मग सीओ, म्हणजे युनिटचा प्रमुख, काय लिहून वर पाठवतो? तो एक परिच्छेद, कोरड्या सरकारी भाषेत, अख्ख्या मालिकेची खोटी आवृत्ती सांगतो. तो जरूर लिहा.

सुखान्त हवाच का?

प्रेमकथा म्हणून विकत असाल तर हो. दोघं एकत्र हवेत, दोघं जाणीवपूर्वक एकत्र हवेत. एक जण मेलेला असेल तर दुसऱ्याला मारून जोडी जुळवणं ही पळवाट आहे आणि सैनिकी कथेत ती विशेष वाईट दिसते. जवळिकीचे प्रसंग आधीच्या भागांच्याच तापमानावर ठेवा. आणि ताबा घेणारं भूत मध्ये असेल तर त्या वेळी संमती कुणाची, हे वाचकाला स्पष्ट असायला हवं.

पानं किती?

डेमी आकारात एका पानावर २८० च्या आसपास शब्द बसतात. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर सोळा फर्म्यांची २५६ पानं, म्हणजे सुमारे सत्तर हजार शब्द. निकराचा प्रसंग संपल्यावर किमान एक फर्मा उरवा. रजेचं, नोकरीचं, घरच्यांचं खातं मिटायला तेवढी जागा लागते. उपसंहार रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, घ्यायचा मोह होईल. घ्या, पण आठ पानांच्या आत.

मुखपृष्ठावर वर्दीतला नायक चालेल?

जपून. १५ जानेवारी २०२२ ला आलेल्या नव्या कॉम्बॅट वर्दीच्या नक्षीची सैन्याने नोंदणी केली आहे, ती हुबेहूब उचलू नका. मेजर ते ब्रिगेडिअर या हुद्द्यांच्या खांद्यावर राजमुद्रेचे सिंह असतात आणि राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. पाठमोरी आकृती, साधा ऑलिव्ह रंग, खांदा अंधारात, एवढ्यावर काम भागतं. युनिटचं नाव आणि क्रमांकही काल्पनिक ठेवा. छावणीचा खरा नकाशा आत छापू नका.

लेखक स्वतः नोकरीत असेल तर?

आर्मी रूल्स, १९५४ च्या नियम २१ प्रमाणे सेवेशी संबंधित मजकूर छापायला आधी परवानगी लागते. टोपणनावाने हा नियम टळत नाही. हस्तलिखित द्यायच्या आधी अर्ज करा, मुखपृष्ठ तयार झाल्यावर नव्हे.

छपाईच्या आधी शेवटचं काय तपासायचं?

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. छापील आणि ई-बुकला वेगवेगळा घ्या. प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाचं काम आहे. स्वतःच छापत असाल तर प्रकाशक तुम्हीच.

जुने भाग श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील आणि शेवटचा युनिकोडमध्ये, तर रूपांतरानंतर "ऱ्या" आणि "ॲ" हमखास मोडतात. "वाऱ्यावर"चं "वार्यावर" होतं, "कॅप्टन"चा चंद्र भलत्याच अक्षरावर चढतो. या दोन्ही खुणा शोधा-बदलामध्ये घालून सगळी पानं तपासा, मग हुद्दे आणि नावं एकेक करून शोधा. तिसऱ्या भागात नायकाला बढती मिळाली असेल तर "कॅप्टन" हा शब्द शेवटच्या भागात जिथे जिथे सापडेल तिथे थांबून बघा, तो आठवणीतला आहे की चुकून राहिलेला.